न्यूयॉर्कची कॅट्झ डेली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्कला कुणी पाहुणे येणार असले, की कॅट्झ डेली या ज्यू पद्धतीच्या जुन्या उपाहारगृहाबद्दलचे तेच ते प्रश्न हमखास येतात. काही रांगेबद्दल, काही बिलाबद्दल, काही धर्माबद्दल, आणि बरेच "पण आम्ही बीफ खात नाही, मग जाऊ का?" असे. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. या जागेवर माझं प्रेम आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

कॅट्झ डेली आहे कुठे?

मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात, ईस्ट हाउस्टन स्ट्रीट आणि लडलो स्ट्रीटच्या कोपऱ्यावर. पत्ता 205, ईस्ट हाउस्टन स्ट्रीट. रस्ता विचारताना न्यूयॉर्कमध्ये "हाउस्टन" म्हणायचं. टेक्सासच्या शहरासारखं "ह्यूस्टन" म्हटलंत तर लोक समजून घेतात, पण हसतात. एफ सबवेने सेकंड अव्हेन्यू स्टेशनला उतरलं की चालत काही मिनिटांवर आहे.

डेली म्हणजे काय? हॉटेल की दुकान?

दोन्ही. खारवलेलं, धुरावलेलं मांस, सॉसेज, लोणची, सॅलड असे तयार पदार्थ वजनावर विकणारी दुकानं न्यूयॉर्कमध्ये आधी जर्मन स्थलांतरितांनी चालवली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्व युरोपातून ज्यू लोक लाखांनी आले, त्यांनी ती आपल्या धर्माच्या नियमांत बसवली, आणि पुढे दुकानातच टेबलं मांडून सँडविच वाढायला सुरुवात झाली. लोअर ईस्ट साइडमध्ये तेव्हा एकेका खोलीत अख्खी कुटुंबं राहायची. कित्येकांना धड स्वयंपाकघर नव्हतं, नातेवाईक समुद्रापलीकडे होते. डेली ही त्यांची बसायची, बोलायची, बातम्या ऐकायची जागा झाली. शुक्रवारी कॅट्झमध्ये फ्रँकफर्टर आणि बीन्स खायला आळीतली माणसं जमायची, ही त्या भागातली जुनी रीत होती.

दुकान कॅट्झ घराण्याकडेच आहे का?

नाही. 1888 मध्ये दुकान काढलं ते आइसलँड आडनावाच्या भावांनी, आणि नावही "आइसलँड ब्रदर्स" असंच होतं. 1903 मध्ये विली कॅट्झ भागीदार झाले, तेव्हा पाटी "आइसलँड अँड कॅट्झ" झाली. 1910 मध्ये विलींचे चुलतभाऊ बेनी आले, दोघांनी आइसलँड भावांचा हिस्सा विकत घेतला आणि दुकान कॅट्झच्या नावावर झालं. 1917 मध्ये हॅरी तारोव्स्की भागीदार म्हणून आले. सबवेचं काम निघालं तेव्हा दुकान रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे आजच्या जागी हललं. हाउस्टन स्ट्रीटच्या बाजूचा आजचा दर्शनी भाग मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा. त्याआधी तिथे मोकळी जागा होती आणि मांसाची, लोणच्यांची पिंपं तिथेच ठेवत.

कॅट्झ आणि तारोव्स्की कुटुंबांच्या पुढच्या पिढीत दुकान पुढे नेणारं कुणी उरलं नाही, तेव्हा 1988 मध्ये, बरोबर शंभराव्या वर्षी, मार्टिन डेल यांनी मुलगा अ‍ॅलन आणि जावई फ्रेड ऑस्टिन यांच्यासह ते घेतलं. अ‍ॅलन यांचा मुलगा जेक डेल 2009 च्या अखेरीस दुकानात आला आणि आज कारभार त्याच्याच हातात आहे.

थोडक्यात, रक्ताचं नातं तुटलं, पण दुकान घरातल्या माणसांनी चालवायची पद्धत तुटली नाही. आजवर ते कधी कंपनीच्या साखळीत गेलं नाही. "मग हे खरं घराण्याचं दुकान नव्हेच" असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. तीन कुटुंबांनी एकामागून एक दुकान घेतलं आणि आधीच्याची कृती, रिवाज तसाच ठेवला, हे एकाच घराण्याने दुकान टिकवण्यापेक्षा अवघड आहे.

बाहेरच्या पाटीवर "कॅट्झ, दॅट्स ऑल" असं का लिहिलंय?

दुकानात सांगतात ती गोष्ट अशी. पाटी रंगवणाऱ्याने हॅरी तारोव्स्कींना विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, "कॅट्झ, बस्स." त्याने ते शब्दशः रंगवलं.

इथली पास्त्रामी एवढी का नावाजली आहे? ती करतात कशी?

या प्रश्नासाठी वेळ काढून वाचा, कारण सगळं यातच आहे.

पास्त्रामी म्हणजे खारवून, मसाला चोळून, धुरी दिलेलं बीफ. तिचं मूळ रुमानियातल्या ज्यू लोकांच्या स्वयंपाकात. तिकडे हंसाचं मांसही असं खारवून टिकवत. न्यूयॉर्कला बीफ स्वस्त मिळायचं, त्यातही पोटाजवळचा चरबीचा भाग आणखी स्वस्त, म्हणून तो वापरात आला. पास्त्रामीची पारंपरिक पसंती याच भागाला. हा भाग मुळात चिवट असतो. त्यात चरबीचे थर असतात आणि ते हळूहळू विरघळले तरच मांस मऊ होतं. म्हणजे कृतीत घाई केली की पदार्थ बिघडलाच.

आधी मांस मिठाच्या आणि मसाल्याच्या पाण्यात मुरत ठेवतात. बहुतेक कारखान्यांत हेच खारं पाणी सुयांनी दाब देऊन मांसात घुसवतात आणि दीड दिवसात काम उरकतात. कॅट्झमध्ये सुया नाहीत. मीठ आपल्या गतीने आत जातं, आणि त्याला महिनाभरापर्यंत वेळ लागू शकतो. मग काळी मिरी, धने, लसूण यांचा जाडसर मसाला वरून चोळतात. त्यानंतर मंद आचेवर धुरी, नंतर उकळणं, आणि शेवटी गिऱ्हाइकाला देण्याआधी वाफ. या शेवटच्या वाफेला लोक फार महत्त्व देत नाहीत, पण माझ्या मते फरक तिथेच पडतो. वाफेवर असेपर्यंत पास्त्रामी जिवंत असते. थंड झाली की चरबी घट्ट होते आणि चव निम्मी होते. म्हणून फोटो काढत बसू नका.

कापणं हातानेच. काउंटरमागचा माणूस वाफेतून मोठा काळाभोर तुकडा काढतो, लाकडी पाटावर ठेवतो, लांब सुरीने वरची नको ती चरबी उडवतो आणि धागे कुठल्या दिशेने गेलेत ते बघून त्यांच्या आडवे जाडसर काप पाडतो. धाग्यांच्या दिशेने कापलं तर तोंडात रबर येईल. यंत्राने पातळ कापता येतं खरं, पण इतकं मऊ मांस यंत्रात चुरगाळतं, आणि एकाच तुकड्याच्या दोन टोकांमधला फरक यंत्राला कळत नाही. हे काम हाताला बसायला वेळ लागतो. कित्येक कापणारे तिथे वर्षानुवर्षं उभे आहेत.

कॉर्न्ड बीफ आणि पास्त्रामी यांत फरक काय?

कॉर्न्ड बीफ छातीकडच्या भागाचं, म्हणजे ब्रिस्केटचं करतात. तेही खाऱ्या पाण्यात मुरवतात, पण त्याला धुरी नाही आणि मिरी-धन्याचा लेप नाही. रंग गुलाबी, चव सौम्य. पहिल्यांदा जात असाल तर पास्त्रामीच घ्या.

आत गेल्यावर करायचं काय? ते तिकीट कसलं?

दारातून शिरताच प्रत्येकाच्या हातात एक छापील तिकीट देतात. आपल्याकडे कूपनवाल्या उपाहारगृहात आधी पैसे भरतात, मग खायला मिळतं. इथे उलटं आहे. तुम्ही जे जे घ्याल त्याची रक्कम काउंटरवरचा माणूस तिकिटावर लिहितो, आणि बाहेर पडताना गल्ल्यावर तिकीट देऊन पैसे भरायचे. काही घेतलं नसेल तरी कोरं तिकीट परत द्यावं लागतं.

तिकीट हरवू नका. हरवलं तर 50 डॉलर आकारतात, तशी पाटीच लावलेली आहे. चारजणांचं कुटुंब असेल आणि एकजणच पैसे भरणार असेल, तर सगळं एकाच तिकिटावर लिहून घ्या, पण बाकीची तीन तिकिटंही जपून ठेवा. मुलांच्या हातात तिकीट देऊ नये हे मी ठामपणे सांगेन.

काउंटरवर कापणाऱ्यांच्या वेगवेगळ्या रांगा असतात. सगळे उभे राहतात त्या लांब रांगेला चिकटू नका, आतल्या बाजूला जाऊन छोटी रांग शोधा. सँडविच कापणाऱ्याकडे, पेयं, सूप, बटाट्याच्या चकत्या दुसऱ्या खिडक्यांवर. भिंतीलगत काही टेबलांवर वेटर येऊन ऑर्डर घेतात. वयस्कर माणसं बरोबर असतील तर तिथे बसणं सोयीचं. पण जमत असेल तर काउंटरवरच उभे राहा, कारण कापणाऱ्याशी बोलण्याची मजा टेबलावर बसून मिळत नाही.

कापणाऱ्याशी काय बोलायचं? टीप द्यायची का?

"पास्त्रामी ऑन राय" (म्हणजे राय या धान्याच्या ब्रेडमधली पास्त्रामी) एवढं म्हणा, आणि पुढे "ज्युसी" म्हणा. म्हणजे चरबी थोडी राहू द्या. "लीन" मागितलंत तर कोरडं मिळेल. चरबीची धास्ती असलेल्यांनी त्या दिवसापुरती ती बाजूला ठेवावी. तो सुरीच्या टोकावर एक काप उचलून बशीत ठेवतो आणि तुमच्याकडे सरकवतो. तो चाखून बघायचा असतो; आवडला नाही तर तसं सांगायलाही हरकत नाही. टीपसाठी समोर पेला असतो, त्यात एक-दोन डॉलर टाकायची पद्धत आहे. मोठी ऑर्डर असेल तर जास्त. रोख सुटे पैसे जवळ ठेवा.

सँडविचवर काय लावायचं?

मोहरी. तीही डेलीची तपकिरी, तिखट मोहरी. मेयोनेज मागू नका, टोमॅटो-लेट्यूसही नको. राय ब्रेड जरा आंबटसर असतो, मोहरी तिखट, मांस खारट आणि स्निग्ध. त्यात आणखी कशाची गरज नाही. सोबत लोणच्याची बशी येते, काकड्यांची. अर्धी आंबलेली हिरवीगार काकडी आणि पूर्ण आंबलेली गडद काकडी, दोन्ही चाखा. यात तेल-मसाला नसतो, नुसतं मिठाचं पाणी आणि लसूण, त्यामुळे आपल्या लोणच्याची अपेक्षा ठेवून खाऊ नका.

एका सँडविचमध्ये मांस इतकं असतं की दोघांना पुरतं. अर्धं अर्धं घ्या आणि उरलेल्या पोटात दुसरं काही खा.

आम्ही बीफ खात नाही. मग जाण्यात अर्थ आहे का?

आहे, पण आधी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हे मुळात बीफचं दुकान आहे. पास्त्रामी, कॉर्न्ड बीफ, ब्रिस्केट, सलामी (सुकवलेलं सॉसेज), हॉट डॉग सगळं बीफचंच, आणि ते डोळ्यांसमोर कापलं जातं. ते बघणंही ज्यांना जड जाईल त्यांनी आग्रहाला बळी पडून जाऊ नये. घरातल्या मोठ्यांना न सांगता तिथे नेणं तर अजिबात बरोबर नाही. आधी सांगा, मग त्यांना ठरवू द्या.

ज्यांना तेवढं चालतं, त्यांच्यासाठी टर्की सँडविच आहे. चिकन खाणाऱ्यांसाठी मात्सा बॉल सूप. मात्सा म्हणजे ज्यूंच्या पेसाह सणातली बिनखमिराची भाकरी. तिच्या पिठाचे गोळे चिकनच्या स्वच्छ रश्शात सोडलेले असतात. थंडीत याच्याइतकं सुखाचं दुसरं काही नाही.

आणि शुद्ध शाकाहारी?

बटाट्याचे लाटके मागवा. किसलेला बटाटा आणि कांदा घालून तळलेल्या जाड टिक्क्या, सोबत सफरचंदाचा गर आणि आंबट साय. त्यात अंडं असतं, हे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. क्निश म्हणजे बटाट्याचं सारण भरून भाजलेली पारी, चीजचं सारण भरलेले ब्लिंट्झ म्हणजे पातळ घावनाच्या गुंडाळ्या, कोलस्लॉ, लोणची, चीजकेक हेही मिळतं. सूप मात्र शाकाहारी समजू नका. तळण आणि तव्याच्या बाबतीत जे कडक पाळतात त्यांनी काउंटरवर स्पष्ट विचारावं, किंवा नुसतं एग क्रीम घेऊन बसावं. एग क्रीममध्ये नाव असूनही अंडं नसतं आणि क्रीमही नसतं: दूध, सोडा आणि चॉकलेटचं सिरप, बस्स.

ज्यू डेली आहे, म्हणजे कोशर असणारच ना?

नाही. कोशर म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या अन्नविषयक नियमांप्रमाणे. त्यात मांस आणि दूध एकत्र चालत नाही आणि शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार रात्रीपर्यंत, धंदा करायचा नसतो. कॅट्झ शनिवारी उघडी असते, उलट तेव्हाच जास्त गर्दी असते. शिवाय तिथे रूबेन सँडविच मिळतं, त्यात कॉर्न्ड बीफवर चीज वितळवलेलं असतं. कोशर पाळणारा माणूस इथे जेवणार नाही. इथली चव आणि परंपरा ज्यू, पण धर्माचा शिक्का नाही.

कोशर मित्र बरोबर असेल तर सेकंड अव्हेन्यू डेली बघा. ती 1954 मध्ये एब लेबवोल यांनी सुरू केली. भुकेल्यांना फुकट जेवू घालणारा माणूस म्हणून सगळा परिसर त्यांना ओळखत होता. 4 मार्च 1996 रोजी बँकेत पैसे भरायला जात असताना त्यांची हत्या झाली. भाड्याच्या वादातून मूळ जागा 2006 मध्ये बंद पडली, आणि 2007 च्या अखेरीस त्यांच्या पुतण्याने ती दुसरीकडे पुन्हा उघडली.

एका सँडविचला 25 डॉलरहून जास्त? ही लूट नव्हे का?

महाग आहे, हे खरं. चौघांचं बिल शंभरावर सहज जातं. पण लूट म्हणणं अन्यायाचं आहे. महिनाभर मुरवणं, धुरी, उकळणं, वाफ या सगळ्यांत मांसाचं वजन बरंच घटतं. कच्च्या मांसाचे पैसे आधी देऊन ठेवायचे आणि विक्री आठवड्यांनंतर. वर हाताने कापणाऱ्यांचे पगार. डेलीच्या धंद्यात सँडविचवर सुटणारा नफा मुळात थोडा असतो, तो भरून निघतो सोडा, लोणची, बटाटे यांवर. म्हणूनच तर इतक्या डेली बुडाल्या.

मग कॅट्झ कशी टिकली? बाकीच्या कुठे गेल्या?

1930 च्या दशकात न्यूयॉर्क शहरात कोशर डेली हजाराहून जास्त होत्या. आज मोजक्याच आहेत. ज्यू कुटुंबं उपनगरांत गेली, पुढच्या पिढीने दुसरे व्यवसाय धरले, पॅकबंद मांस सुपरमार्केटमध्ये मिळायला लागलं, आणि मॅनहॅटनची भाडी गगनाला भिडली. स्टेज डेली 2012 मध्ये बंद झाली. कार्नेगी डेलीने 31 डिसेंबर 2016 ला शेवटचं सँडविच वाढलं.

कॅट्झच्या टिकण्यामागे चव आहेच, पण माझ्या मते त्याहून मोठं कारण म्हणजे इमारत त्यांच्या स्वतःच्या मालकीची आहे. घरमालक दरवर्षी मानेवर बसत नाही. गेल्या दशकात आजूबाजूला काचेचे टॉवर उठले, तेव्हा मालकांनी आपल्या जागेवरचे उंच बांधकामाचे हक्क शेजारच्या विकासकाला विकले. त्यातून पैसा आला आणि दुकानाच्या डोक्यावर कधी मजले चढणार नाहीत हेही पक्कं झालं. मुंबईत चटईक्षेत्राचे हक्क विकण्याचे व्यवहार ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लगेच कळेल. जुनं दुकान वाचवायचं तर नुसतं हळहळून भागत नाही, जागेचा हिशेब आधी बसवावा लागतो, आणि या कुटुंबाने तो वेळेवर बसवला याचं मला मनापासून कौतुक आहे.

"सैन्यातल्या मुलाला सलामी पाठवा" ही पाटी काय आहे?

दुसऱ्या महायुद्धात मालकांची मुलं सैन्यात होती. त्यांना घरून खाऊ पाठवायचा तर टिकणारी वस्तू हवी, आणि सुकवलेली सलामी टिकते. रोझ तारोव्स्की, ज्यांचा मुलगा दक्षिण पॅसिफिकमध्ये लढत होता, त्यांनी हे वाक्य रचलं. न्यूयॉर्कच्या उच्चारात "सलामी" आणि "आर्मी" यांचं यमक जुळतं. पाटी अजून आहे आणि परदेशी तैनात सैनिकांना सलामीचे डबे अजूनही जातात.

तो चित्रपटातला प्रसंग कुठल्या टेबलावर झाला?

1989 च्या "व्हेन हॅरी मेट सॅली" चित्रपटात सॅली भर दुकानात कामसुखाचं नाटक करते, तो प्रसंग इथेच चित्रित झाला. टेबलाच्या वर छताला पाटी टांगलेली आहे, सहज दिसते. एक फोटो काढा आणि काउंटरकडे वळा.

आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांच्या जेवणाशी याचं काही नातं आहे का?

धर्म एक, ताट वेगळं. अलिबाग, रेवदंडा, नवगाव या पट्ट्यातले बेने इस्राएल शतकानुशतकं मराठी बोलत आले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात त्यांना "शनवार तेली" म्हणत. मांस आणि दूध एकत्र नको हा नियम त्यांनीही पाळला, पण कोकणात नारळ होता, म्हणून मटणाला दाटपणा आला तो नारळाच्या दुधाने. कॅट्झमधलं जेवण पूर्व युरोपातल्या थंड मुलखाचं आहे: बटाटा, कोबी, राय, खारवलेलं मांस. तेव्हा "ज्यू लोकांचं जेवण" म्हणजे पास्त्रामी, असं कुणी म्हणालं तर कोकणातल्या त्या ताटाची आठवण जरूर करून द्या.

जवळपास आणखी काय आहे?

त्याच रस्त्यावर रस अँड डॉटर्स, 1914 मध्ये सुरू झालेलं दुकान. तिथे मांस नाही; धुरावलेले मासे, बेगल, क्रीम चीज. मासे खाणाऱ्या मराठी माणसाला कदाचित तेच जास्त आवडेल. जरा पुढे योना शिमेलची क्निश बेकरी, 1910 पासून त्याच रस्त्यावर, शाकाहारींसाठी उत्तम.

कधी गेलं तर रांग कमी?

मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकराच्या आत किंवा दुपारी तीन-साडेतीनला. शनिवार-रविवारी दुपारी रांग कोपऱ्यावरून वळलेली असते.

दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकांना पाठवता येतं का?

अमेरिकेत कुठेही. पास्त्रामी न कापता मागवा. घरी आली की मोठ्या पातेल्यात जाळी ठेवून, खाली पाणी घालून, झाकण लावून मंद वाफेवर ठेवा, सुरी सहज आत जाईपर्यंत. तुकड्याच्या आकाराप्रमाणे दोन-तीन तास लागतात. पाणी आटू देऊ नका. मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, चामडं होईल. धाग्यांच्या आडवे काप पाडा, आणि जेवढं पानात लागेल तेवढंच कापा. बाकीचं वाफेवरच राहू द्या.